डोळ्यांच्या तक्त्याचा जळफळाट

मित्रांनो, तुमच्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी माझ्यासमोर एक डोळा तळहातानं झाकून उभा राहिला आहे. "वरून वाच," असं सिस्टर म्हणाल्या आहेत आणि तुम्ही वाचलं आहे. तोच मी. शाळेच्या तपासणीच्या खोलीतला जुना, पत्र्याचा, डोळे तपासायचा तक्ता. माझ्या एका कोपऱ्याचा रंग उडालाय, वरच्या खिळ्याला गंज चढलाय, पण अक्षरं अजून काळीभोर आहेत. आज मी तुम्हाला माझी हकिकत सांगणार आहे. तिच्यात थोडी बढाई असेल, ती असणारच. पण मला एक गोष्ट कबूलही करायची आहे आणि ती सांगताना माझी जीभ अडखळेल. तेव्हा मध्येच हसू नका.

माझा जन्म एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या दुकानात झाला. दुकान कसलं, लांबट बोळच तो. एका भिंतीला दवाखान्यांच्या पाट्या वाळत, दुसरीला 'येथे वाहने उभी करू नयेत'. पेंटरनं मला पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले. मला करवून घेणाऱ्या डॉक्टरांनी प्रत्येक ओळीचं माप एका कागदावर लिहून दिलं होतं, ते समोर ठेवून त्यानं पट्टी आणि कंपास घेऊन अक्षरं आखली. सगळ्यात वर एकटा, भलामोठा 'ग'. त्याखाली दोन अक्षरं, मग तीन, मग चार, अशा सात ओळी. सातव्या ओळीला त्यानं ब्रशचे मोजून चार केस ठेवले आणि श्वास रोखून ती लिहिली.

हा पेंटर एका बाबतीत फार हळवा होता. कधीकाळी त्यानं एका दवाखान्याच्या पाटीवर सकाळची वेळ संध्याकाळची म्हणून लिहून ठेवली होती. पेशंट येऊन कुलपाला हात लावून परत गेले, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला चार लोकांत फैलावर घेतलं. तेव्हापासून तो प्रत्येक पाटीच्या खाली, अगदी कोपऱ्यात, दिसेल न दिसेल एवढ्या अक्षरांत लिहायचा: 'चूक असल्यास कळवावे'. माझ्यावरही त्यानं ते लिहिलं. माझ्या डॉक्टरांच्या ते लक्षातही आलं नाही. सात ओळी सगळ्यांसाठी होत्या, ही आठवी माझी स्वतःची. कोणीतरी तीक्ष्ण नजरेचं पोर एक दिवस ती वाचेल, एवढीच एक आशा मी मनात धरून होतो.

शाळेत मला खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलं. माझ्यापासून सहा मीटरवर फरशीवर एक पांढरी रेघ मारली. त्या रेघेवर उभं राहिल्याशिवाय माझ्याशी कोणाला बोलताच यायचं नाही. बाजूला वजनकाटा होता, उंची मोजायची पट्टी होती, पण त्यांचं काय मोठंसं कौतुक? त्यांच्यावर फक्त उभं राहायचं असतं. मला मात्र वाचावं लागतं, आणि बुद्धी लागते ती माझ्यापाशी.

मुलं मोठी लबाड. रांगेत उभं राहून पुढच्याचं ऐकत पाचवी ओळ पाठ करायची आणि आपली पाळी आली की डोळे मिटूनही घडाघडा म्हणायची. सिस्टरही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्या छडी उलटीकडून फिरवायला लागल्या की पाठांतराचा सगळा डोलारा कोसळायचा. "डोळे तपासतेय मी, स्मरणशक्ती नाही," असं त्या म्हणायच्या आणि मी मनातल्या मनात खूश व्हायचो. वर्षाला दहा-बारा मुलं माझ्यामुळे चष्म्याला लागायची. चष्मा लावून पहिल्यांदा माझ्याकडे बघताना त्यांचं तोंड उघडंच राहायचं. तो क्षण माझा.

माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा विजय या वर्षीचाच. शाळा उघडली त्या आठवड्यात पहिलीतला एक बुटका मुलगा रेघेवर येऊन उभा राहिला. डावा डोळा झाकला, सातही ओळी खडखडीत. उजवा झाकला आणि त्याला 'ग'सुद्धा दिसेना. सिस्टर चमकल्या. त्यांनी लगेच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं कळलं, त्याचा डावा डोळा आळशी झालाय. आता चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. 'वेळेत सापडलं,' असं तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून पाठवलं.

दोन दिवसांनी त्याचे वडील आले. ते घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे लिहून घेतात. खांद्याला पिशवी, खिशाला दोन पेनं, बुटांवर अख्ख्या गावाची धूळ. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "या पाटीनं माझ्या पोराचा डोळा वाचवला हो सिस्टर." मग खिशातून रुमाल काढून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पुसलं. एवढं प्रेम मला पेंटरनंही दिलं नव्हतं! त्यांच्या मागे दारात एक मुलगी उभी होती. एका खांद्यावर तिचं दप्तर, दुसऱ्यावर धाकट्या भावाचं. पण तेव्हा मी कौतुकात न्हाऊन निघालो होतो, तिच्याकडे कशाला बघतोय?

आणि मग ती आली.

तिचं नाव प्रश्नावली. एका निळ्या फायलीत, दोरीनं बांधलेली, तीनशे कागदांची. तिच्याबरोबर एक नव्या बाई आल्या, मनाच्या डॉक्टर म्हणा ना. मुलांनी दोन दिवसांत त्यांचं नाव गप्पांच्या बाई ठेवलं. प्रत्येक मुलाच्या घरी एक कागद जायचा. त्यावर पस्तीस प्रश्न. झोप लागायला त्रास होतो का, उगाच रडू येतं का, एकटं बसावंसं वाटतं का, भीती वाटते का. प्रत्येकापुढे तीन चौकोन: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. आईवडिलांनी खुणा करायच्या, बाईंनी बेरीज करायची आणि बेरीज जास्त आली की त्या मुलाशी बोलायचं. मनात काही सलत असेल तर ते लवकर कळावं, एवढाच हेतू.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मित्रांनो, खरं सांगतो, मी असा जळलो, असा जळलो की पत्र्यावरचा रंग उतरायचा तेवढा राहिला! काय होतं तिच्यात? ना रूप ना रंग. घडी घातली की मोडते, पाणी सांडलं की संपली. आजवर एका मुलाला चष्मा लावून दाखवलाय का तिनं? आणि मुख्याध्यापिका बाई स्वतः तिला बघायला आल्या! माझ्यासाठी त्या कधी जिनाही चढल्या नव्हत्या. वर कळस म्हणजे गप्पांच्या बाईंचं टेबल नेमकं माझ्या पांढऱ्या रेघेवर मांडलं. आता कोणाचे डोळे तपासायचे असले की आधी खुर्च्या हलवा, फाइल उचला, मग माझी रेघ सापडणार. सहा मीटरवरून माझ्या नजरेला नजर भिडवून ती निळी फाइल दिवसभर पसरलेली असायची.

पण पहिल्याच फेरीत तिची फजिती झाली. तीनशे कागद परत आले आणि जवळजवळ सगळ्यांवर एकाच रकान्यात सरळ खाली खुणा: कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. लोकांना वाटलं, ही त्यांचीच परीक्षा आहे. एका आजोबांनी तर खाली लिहिलं होतं, 'आमच्या घरात असले प्रकार नाहीत.'

गप्पांच्या बाई कागद चाळत म्हणाल्या, "सिस्टर, कमाल आहे. अख्ख्या शाळेत एकाही मुलाला कधी वाईट वाटत नाही."

"भाग्यवान शाळा आहे आपली," सिस्टर म्हणाल्या, आणि दोघी पोट धरून हसल्या.

मीही हसलो. माझं हसणं जरा वेगळं होतं. मला वाटलं, चला, गाशा गुंडाळा आता. पण बाई चिवट. त्यांनी नवे कोरे फॉर्म काढले, वर एक चिठ्ठी जोडली: 'ही परीक्षा नाही. यात पास-नापास नाही. मुलाकडे दोन दिवस नीट बघा आणि मग भरा.' आणि पुन्हा घरोघर पाठवले.

त्याच आठवड्यात ती मुलगी माझ्याकडे आली. तीच, दोन दप्तरं घेऊन दारात उभी असलेली. पाचवीत होती. तिला सगळे ताई म्हणायचे. भाऊ म्हणायचा ते ठीक, पण आई, वडील, शेजारीपाजारी, रिक्षावाले काका, वर्गशिक्षिकासुद्धा ताईच म्हणायच्या. वर्गशिक्षिकेची चिठ्ठी होती, 'हिला फळ्यावरचं दिसत नाही.'

खुर्च्या हलल्या, रेघ मोकळी झाली. ताईनं एक डोळा झाकला. "ग," ती म्हणाली. मग थांबली. "पुढचं नाही दिसत." दुसरा डोळा झाकला. पुन्हा 'ग' आणि पुन्हा तेच.

मित्रांनो, मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! त्याच घरातलं दुसरं पोर, आणि तेही माझ्याच हाताला लागलं. बघ गं प्रश्नावली, मी त्या फायलीला मनात म्हणालो, याला म्हणतात तपासणी!

पण तक्ता समोरच्याचा डोळा फार जवळून ओळखतो. सहा मीटरवरून का होईना, मला कळतं कोणाची नजर कुठे टेकलीय ते. ताईची नजर 'ग'वर थांबत नव्हती. ती उतरत उतरत सातव्या ओळीपर्यंत जायची, प्रत्येक अक्षरावर क्षणभर बसायची, आणि मग ती म्हणायची, दिसत नाही. तिला सगळं दिसत होतं. हे त्या खोलीत तिला ठाऊक होतं आणि मला.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. मग त्याच्या पुढच्याही. सिस्टर प्रत्येक वेळी छडी घेऊन माझ्याशेजारी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "काय दिसतंय बाळ?" ताई उत्तर द्यायला फार वेळ लावायची, आणि तेवढा वेळ सिस्टर गप्प उभ्या राहायच्या. मोठ्या दवाखान्यातून निरोप आला की डोळे ठणठणीत आहेत, काही दोष नाही, पुन्हा एकदा तपासा. वर्गात तिला पहिल्या बाकावर बसवलं, तरी वही कोरीच राहू लागली. चाचणीत ती तीन विषयांत घसरली. तिच्या घरून निरोप आला तो एवढाच, 'आता हिचंही सुरू झालं का?'

आता ती कबुलीची गोष्ट. मला माहीत होतं की या मुलीचं काहीतरी बिनसलंय. आणि तरीही, प्रत्येक वेळी ती रेघेवर येऊन 'दिसत नाही' म्हणाली की मी सुखावायचो. ती समोरच्या फायलीकडे न जाता माझ्याकडे येत होती ना! ती माझ्याकडे येत राहावी म्हणून ती बरी होऊ नये, असं मला वाटलं. हेव्यानं माणूस आंधळा होतो असं तुम्ही म्हणता. मी तर डोळे तपासणारा, आणि माझीच ही गत.

एका दुपारी वर्गशिक्षिका तणतणत वर आल्या. ताईला हाताला धरून. "सिस्टर, आता बास झालं. काल मैदानावरून तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीला हिनं हात केला. मी बघितलंय. नाटकं आहेत ही सगळी. आज काय तो सोक्षमोक्ष लावा. नाटक असेल तर मी प्रगतिपुस्तकात लिहिणार, खोटं बोलण्याची सवय आहे म्हणून, आणि हिचं वर येणं बंद."

ताई खाली मान घालून उभी. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, लिहिलं की संपलं. एकदा कपाळी तो शिक्का बसला की या मुलीला पुन्हा कोणी काही विचारणार नाही. तिचं डोकं दुखो, पोट दुखो, आणखी काही दुखो, लोक म्हणतील, तिची सवयच आहे ती.

सिस्टरनं तिला रेघेवर उभं केलं. "ग," ताई म्हणाली, "पुढचं नाही दिसत." मग सिस्टरनं एक साधी गोष्ट केली. तिला निम्मं अंतर पुढे आणलं, तीन मीटरवर. डोळ्यात खरंच दोष असेल तर जवळ आल्यावर खालची ओळ थोडी तरी दिसायला हवी. ताई पुन्हा म्हणाली, "ग. पुढचं नाही दिसत."

सिस्टरची छडी खाली आली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "झालं ना? पकडली गेली की नाही?"

सिस्टरही चिडल्या होत्या. दोन महिने त्या मुलीसाठी त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. "का गं?" त्यांनी आवाज चढवला.

तोवर गप्पांच्या बाई टेबलाशी कागद लावत होत्या. त्या उठल्या. "सिस्टर, थोडं थांबा. मुलांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, तसं कधी दिसेनासंही होतं. दर वेळी ते ठरवून केलेलं नसतं. आणि ठरवून केलं असलं, तरी दोन महिने असं करायला कारण लागतं." मग त्या वर्गशिक्षिकांना म्हणाल्या, "बाई, आठवडाभर प्रगतिपुस्तकात काही लिहू नका. माझ्यासाठी."

वर्गशिक्षिका नाक मुरडून गेल्या, पण थांबल्या खऱ्या. बाईंनी ताईला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग कितीतरी वेळानं विचारलं, "तुला इथं यायला आवडतं का गं?"

ताईनं पाण्याचा पेला रिकामा केला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "इथं विचारतात आणि थांबतात. घरी विचारतात, पण मी सांगायच्या आत तो पट्टी काढतो."

एवढंच. मला वाटलं होतं ती माझ्यासाठी येते. ती त्या थांबण्यासाठी येत होती.

ताई वर्गात गेल्यावर बाईंनी निळ्या फायलीतून तिचा दुसऱ्या फेरीतला, बेरजेची पाळी अजून न आलेला फॉर्म काढला. मी टवकारून बघत होतो, आता ही फाइल शेखी मिरवणार! बाईंनी वाचला, कपाळाला आठी घातली, पुन्हा वाचला. "सिस्टर, हे बघा. रात्री रडणं, नेहमी. सारखं कोणाला तरी जवळ बसावं लागतं, नेहमी. आणि खाली इतर माहितीत लिहिलंय, 'पट्टी काढून फेकण्याची सवय आहे.'" सिस्टरनं कागद हातात घेतला. "हिला कुठे पट्टी आहे?" त्या म्हणाल्या. बाईंनी पहिलीच्या गठ्ठ्यातून धाकट्याचा फॉर्म काढून शेजारी ठेवला. दोन्ही कागदांवर त्याच खुणा, तेच वाक्य, फक्त वर नाव वेगळं.

दुसऱ्या दिवशी वडील आले. कामाच्या मधूनच आले होते, खांद्याची पिशवी तशीच. बाईंनी त्यांना टेबलाशी बसवलं. ताई बाहेर बाकावर होती. सुरुवातीलाच वडील म्हणाले, "बाई, खोटं नाही सांगत, धाकट्याच्या पट्टीनं घर डोक्यावर घेतलंय. त्यात आता हिचं. आम्ही कोणाकोणाकडे बघायचं?"

बाईंनी ताईचा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. "हे तुम्हीच भरलंय ना?"

"हो. मीच."

"रात्री रडणं, नेहमी?"

"रोज. पट्टी डोळ्याला टोचते म्हणून."

"आणि पट्टी फेकतात ते?"

"काल तर खिडकीतून खाली फेकली. मी जाऊन शोधून आणली."

"कोणी फेकली?"

"धाकट्यानं."

"आणि हा फॉर्म कोणाचा आहे?"

वडिलांनी कागद फिरवून वरचं नाव वाचलं. मग शेजारचा कागद बघितला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "दोन्ही एकदमच आले होते. उभ्या उभ्याच भरून टाकले," ते म्हणाले. पेन बोटांत फिरवत राहिले. "बाई, मी दिवसाला दीडशे मीटर लिहितो. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर आजवर एकदाही गेला नाही."

बाईंनी एक कोरा फॉर्म काढला, त्यावर ताईचं नाव लिहिलं आणि पुढे ठेवला. "हिच्या आईशीही मी बोलणार आहे. आता तुम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढं भरा."

वडिलांनी पेन उघडलं. पहिला प्रश्न: झोप लागायला त्रास होतो का? पेन पहिल्या चौकोनावर गेलं, तिथून दुसऱ्यावर, तिथून उचललं. दुसरा प्रश्न, तिसरा, चौथा. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. आठवा प्रश्न होता, कशाची भीती वाटते का? वडील म्हणाले, "पालीला घाबरायची. म्हणजे, बारकी होती तेव्हा." आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. पस्तीसच्या पस्तीस प्रश्नांपुढचे चौकोन कोरे होते. मोठा माणूस, पण त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

मित्रांनो, त्या वेळी मला त्या कागदाचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. माझ्यावर सात ओळी, एवढी वर्षं, एवढे चष्मे. तिच्यावर एक खूणही नव्हती. आणि या बापाला त्याच्या मुलीबद्दल जे मला दोन महिन्यांत सांगता आलं नाही, ते तिनं कोरं राहून पाच मिनिटांत सांगितलं. हे घर पट्टीभोवती फिरायला लागलं ते माझ्यामुळे. धाकट्याचा डोळा सापडला याचं मला दुःख नाही. पण त्या दिवशी दारात उभ्या मुलीकडे मीही बघितलं नव्हतं.

"तिला आत बोलवू का?" वडिलांनी विचारलं.

"बोलवा," बाई म्हणाल्या. "पण हाक कुठली माराल? मला ती सांगत होती, आधी तिला घरी वेगळं काहीतरी म्हणायचे."

वडील थोडे गोंधळले. मग हसू आलं त्यांना. "भिंगरी. सारखी गोल गोल फिरायची ना. मग धाकटा बोलायला लागला, त्याला सवय लागावी म्हणून आम्ही सगळेच ताई म्हणायला लागलो. ते तसंच राहिलं."

ते उठले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी आधी त्यांनी टेबल धरून बाजूला ओढलं. निळी फाइल घसरली, ती पकडली. माझी पांढरी रेघ पुन्हा मोकळी झाली. मग ते दारात गेले आणि म्हणाले, "भिंगरे, ये गं आत."

ताईनं वर पाहिलं. आधी तिला वाटलं, दुसऱ्याच कोणाला हाक मारली. मग ती उठली.

सिस्टरनं वडिलांच्या हातात छडी दिली. "वाचायचं असलं तर वाच हं," त्या ताईला म्हणाल्या, "नसलं तरी चालेल." वडील माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी छडी 'ग'वर टेकवली आणि ते थांबले. घाई केली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. नुसते थांबले.

"ग," भिंगरी म्हणाली.

छडी खाली आली. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. ती वाचत गेली. आधी हळू, मग सरळ. पाचवी. सहावी. सातव्या ओळीच्या शेवटच्या अक्षराला सिस्टरनं तोंडावर हात धरला. वडिलांनी छडी खाली घेतली, त्यांना वाटलं झालं.

पण भिंगरीची नजर अजून माझ्यावरच होती. सातव्या ओळीच्याही खाली, डाव्या कोपऱ्यात. माझा जीव गोळा झाला. तिनं वाचलं, "चूक असल्यास कळवावे."

"काय म्हणालीस?" सिस्टर लगबगीनं जवळ आल्या, चष्मा वर केला, नाक माझ्या पत्र्याला टेकवलं. "अगं बाई! इतकी वर्षं रोज पुसतेय मी याला, मला कधी दिसलं नाही हे!"

वडीलही वाकले. त्यांच्या अंगठ्याशेजारीच ती ओळ होती. त्यांनी ती दोनदा वाचली. मग रेघेपर्यंत चालत गेले आणि मुलीसमोर गुडघ्यावर बसले.

"मला कळवत जा गं भिंगरे," ते म्हणाले. "मी थांबेन."

तो फॉर्म मग दोघांनी मिळून भरला. सव्वा तास लागला. सतरा ठिकाणी 'नेहमी'वर खूण आली, आणि एकेका खुणेला वडील जरा जरा खाली वाकत गेले, पण उठले नाहीत. आता दर बुधवारी ती गप्पांच्या बाईंकडे येते, कधी एकटी, कधी आईबरोबर. एका दिवसात सगळं आलबेल झालं असं नाही. धाकटा पट्टी अजूनही फेकतो. पण आपलं दप्तर आपणच उचलतो. प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षिकांनी फक्त गुण लिहिले, दुसरं काही नाही.

माझं म्हणाल तर रेघेला नवा रंग मिळाला आणि टेबल दोन हात मागे गेलं. निळी फाइल मात्र आता कुठे टांगलीय ठाऊक आहे? माझ्याच खिळ्याला! म्हणजे दिवसभर ती माझ्या खांद्याला खांदा लावून. जळलो का? जळलोच. सवय जात नाही. पण रोज संध्याकाळी खोली बंद झाली की मी तिला विचारतो, आज कोणाचं काय कळलं? आणि तीही मला विचारते.

तेव्हा मित्रांनो, एकच मागणं. ज्याच्या डोळ्यावर पट्टी आहे त्याच्याकडे बघाच, पण त्याचं दप्तर धरून दारात कोण उभं आहे तेही बघा. तिला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि महिन्यातून एकदा मला ओल्या फडक्यानं पुसा. डाव्या कोपऱ्यात मात्र जरा हलक्या हातानं. तिथली ओळ आता कोणीतरी वाचते.